'कॅचिंग फायर' आणि कॅटनिस एव्हरडीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हंगर गेम्स'चा पहिला भाग वाचून संपवला की बहुतेक वाचक दुसऱ्या भागाबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कथेचा शेवटही या उत्तरांमध्ये येतो, त्यामुळे पुस्तक अजून वाचायचं असेल तर पहिले दोन प्रश्न वाचून थांबा आणि बाकीच्यांसाठी नंतर या.

हे पुस्तक नेमकं कोणतं?

अमेरिकन लेखिका सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' मालिकेतला हा दुसरा भाग. पहिला भाग सप्टेंबर २००८ मध्ये आला, 'कॅचिंग फायर' सप्टेंबर २००९ मध्ये आणि 'मॉकिंगजे' हा तिसरा भाग ऑगस्ट २०१० मध्ये. उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर तिच्या जागी उभं राहिलेलं पॅनेम नावाचं राष्ट्र, मध्यभागी ऐषारामात लोळणारं कॅपिटॉल शहर आणि त्याला पोसणारे बारा डिस्ट्रिक्ट, अशी ही दुनिया. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी सोडत काढून निवडली जाते. या चोवीस जणांना रिंगणात सोडून शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतात, आणि हे सगळं टीव्हीवर दाखवतात. मालिकेची नायिका डिस्ट्रिक्ट १२ मधली कॅटनिस एव्हरडीन; पहिल्या भागात ती बहिणीऐवजी या खेळात उतरते.

पहिला भाग न वाचता थेट हा वाचला तर चालेल का?

नाही. लेखिका मागचे धागे मधूनमधून देते, पण रू कोण होती आणि पहिल्या भागाच्या शेवटी त्या विषारी बोरांचं काय झालं हे तुम्ही स्वतः अनुभवलेलं नसेल, तर दुसऱ्या भागातले निम्मे प्रसंग कोरडे वाटतील. सिनेमा पाहून पुस्तकाकडे वळणाऱ्यांनीही पहिलं पुस्तक वाचावं. कॅटनिसच्या डोक्यात काय चाललंय ते पडद्यावर फारसं येत नाही, आणि या मालिकेचा खरा ऐवज तिथेच आहे.

दुसऱ्या भागात कॅटनिस बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी चुकीचं दिलं जातं. 'ती साधी मुलगी होती, मग बंडाची नेता झाली' असं सांगून लोक मोकळे होतात. पुस्तकात तसं घडत नाही. धनुष्यबाण चालवणं, शिकार करणं, उपाशीपोटी तग धरणं हे तिला पहिल्या पानापासून येतं. त्यात दुसऱ्या भागात काही भर पडत नाही. उलट ती जास्त घाबरते, रात्री दचकून उठते, तिला रिंगणातले मेलेले चेहरे दिसतात.

बदलतो तो तिच्या काळजीचा परीघ. पहिल्या भागात तिचं जग मोजक्या माणसांचं आहे: बहीण प्रिम, आई, शिकारीतला मित्र गेल, आणि पुढे खेळातली छोटी साथीदार रू आणि डिस्ट्रिक्ट १२ चाच स्पर्धक पीटा. या माणसांपलीकडे कोणाचं काय होतं याचा विचार करायला तिला सवडच मिळालेली नाही, कारण वडील खाणीतल्या अपघातात वारल्यापासून घर तीच चालवतेय. दुसऱ्या भागात हा परीघ रुंदावतो, आणि तिच्या मर्जीने रुंदावत नाही. तिने जे केलं त्याची किंमत अनोळखी माणसं मोजताहेत हे तिला दिसतं, आणि एकदा दिसल्यावर तिला डोळे मिटता येत नाहीत.

याचा छोटासा पण पक्का पुरावा हवा असेल तर सरावाचे दिवस पुन्हा वाचा. दुसऱ्या भागात तिला जुन्या खेळांच्या विजेत्यांसोबत पुन्हा रिंगणात उतरावं लागतं, त्याआधीचे हे दिवस. रिंगणात सोबत कोण हवं असं विचारल्यावर ती ऐंशी वर्षांच्या मॅग्जचं नाव घेते, आणि बीटी व वायरेस या जोडीचं. बाकीचे विजेते या दोघांची टिंगल करत असतात. तिच्या मार्गदर्शकाला, हेमिचला, तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. जिंकण्याच्या हिशेबाने ही निवड चुकीचीच आहे. पण तिला आता जिंकायचं नसतं, शेवटचे दिवस चांगल्या माणसांच्या सोबतीने काढायचे असतात. पुढे गंमत अशी की रिंगण घड्याळासारखं चालतं हे वायरेसच ओळखते, आणि शेवटची योजना बीटीच्या तारेवर उभी राहते.

ती सुरुवातीला पळून जायचं म्हणते. मग ती भित्री नाही का?

भीती आहेच, आणि ती लपवलेली नाही हे या पुस्तकाचं मोठेपण. कथेच्या सुरुवातीलाच पॅनेमचा प्रेसिडेंट स्नो तिच्या घरी येऊन बसतो. अंगाला गुलाबाचा आणि रक्ताचा वास. पहिल्या खेळाच्या शेवटी तिने आणि पीटाने विषारी बोरं एकदम खायची तयारी दाखवली, म्हणून दोघांनाही विजेते जाहीर करावं लागलं होतं. बोरांची तिची युक्ती लोकांना बंडासारखी वाटली, आता पीटावरच्या प्रेमापोटी वेडी झाले होते हे सगळ्या देशाला पटवून दे, नाहीतर तुझ्या माणसांचं काही खरं नाही, असं तो शांतपणे सांगतो. सोळा वर्षांच्या मुलीने अशा वेळी घरच्यांना घेऊन जंगलात पळायचा बेत केला तर त्यात नवल काय?

खरी गोष्ट त्यानंतर आहे. रानात शिकार केल्याबद्दल गेलला चौकात बांधून चाबकाने फोडतात. ती मध्ये पडते आणि एक फटका तिच्या गालावर बसतो. गेलला घरी आणतात, आई आणि प्रिम त्याच्या जखमा बांधतात, आणि कॅटनिस रात्रभर त्याच्या उशाशी बसून विचार करते. तो विचार असा चालतो: मी प्रिमला वाचवायला पळते म्हणते, पण प्रिमला या लोकांनी आधीच दुखावलंय. तिचे वडील गेले, तिची उपासमार झाली, बहिणीला मारायला पाठवलेलं तिने टीव्हीवर पाहिलं. मग मी तिला नेमकं कशापासून वाचवतेय? सकाळपर्यंत पळायचा बेत रद्द झालेला असतो.

माझ्या दृष्टीने कॅटनिसच्या वाढीचा कणा म्हणजे ही रात्र. तिच्यात धैर्य अचानक संचारत नाही. पळून जाण्यामागचं कारण तपासताना तेच कारण तिला थांबायला सांगतं.

डिस्ट्रिक्ट ११ मधला प्रसंग एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण तिथे तिला पहिल्यांदा कळतं की चांगल्या हेतूने बोललेल्या चार वाक्यांनीही माणूस मरू शकतो.

कॅटनिस आणि पीटाच्या विजययात्रेचा पहिला थांबा म्हणजे पहिल्या खेळात मेलेल्या रू आणि थ्रेशचा डिस्ट्रिक्ट. समोर दोघांची कुटुंबं उभी आहेत. पीटा दरवर्षी आपल्या बक्षिसातली एका महिन्याची रक्कम या घरांना देण्याचं जाहीर करतो. कॅटनिसने काही बोलायचं ठरवलेलं नसतं, पण रूच्या घरच्यांकडे बघून तिला राहवत नाही. ती थ्रेशबद्दल बोलते, रूबद्दल बोलते, आणि पहिल्या खेळात या लोकांनी तिच्यासाठी पाठवलेल्या पावाबद्दल आभार मानते. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो, आणि सगळी गर्दी डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून तिच्या दिशेने धरते. रूच्या मृतदेहाला तिने केलेला निरोपाचा नमस्कार तिलाच परत मिळतो.

ती आत जाते आणि तिच्या लक्षात येतं की फुलं बाहेर राहिली. फुलं आणायला वळते म्हणून तिला दिसतं की शिपायांनी त्या म्हाताऱ्याला ओढत पायऱ्यांवर आणलंय, गुडघ्यांवर बसवलंय, आणि डोक्यात गोळी घातलीय. फुलं विसरली नसती तर तिला हे कळलंच नसतं. लेखिकेने हा तपशील फार विचारपूर्वक ठेवलाय. विजययात्रेची आखणीच अशी आहे की विजेत्यांना मागे वळून पाहायची वेळ येऊ नये.

याच प्रसंगानंतर पीटा संतापतो, कारण स्नोच्या धमकीबद्दल तिने त्याला काहीच सांगितलेलं नसतं. त्याला माहीत असतं तर तो पैशांचं बोललाच नसता. हा राग नीट लक्षात ठेवा, शेवटच्या प्रकरणात तो तिच्या वाट्याला उलटून येतो.

पहिली अर्धी कादंबरी संथ वाटते. रिंगण कधी येतं?

पुस्तकाचे तीन भाग आहेत, प्रत्येकी नऊ प्रकरणांचे, आणि रिंगण तिसऱ्या भागात म्हणजे एकोणिसाव्या प्रकरणात उघडतं. पहिल्या पुस्तकाच्या वेगाची सवय लागलेल्यांना हे उशिरा वाटतं. मला मात्र ही पहिली दोन तृतीयांश पानं जास्त आवडतात. खेळ जिंकून आलेली मुलगी मोठ्या घरात राहते, हातात पैसा आहे, आणि तरी तिला मोकळा श्वास घेता येत नाही, हे दाखवायला तेवढी जागा लागतेच. चाबकाचा प्रसंग, वीज सोडलेलं कुंपण, जंगलात भेटलेल्या डिस्ट्रिक्ट ८ मधल्या बॉनी आणि ट्विल, हे सगळं इथेच आहे.

पुन्हा रिंगणच? लेखिकेने तोच डाव परत मांडला असं नाही का?

वरवर तसं वाटतं. दर पंचवीस वर्षांनी क्वार्टर क्वेल नावाचा खास खेळ होतो, त्याचे नियम जास्त क्रूर असतात, आणि पंचाहत्तराव्या खेळाचा नियम असा निघतो की स्पर्धक आधीच्या विजेत्यांमधूनच काढायचे. डिस्ट्रिक्ट १२ मध्ये जिवंत असलेली स्त्री विजेती एकटी कॅटनिसच. म्हणजे सोडत काढायचीही गरज नाही.

पण रिंगणातली माणसं वेगळी आहेत, आणि त्यामुळे खेळच वेगळा होतो. पहिल्या वेळी घाबरलेली मुलं होती. या वेळी रागावलेली मोठी माणसं आहेत, कोणी दारूत बुडालेलं, कोणी नशेत, कोणी म्हातारं. एकदा जिंकलात की आयुष्यभर सुटका, असा त्यांना दिलेला शब्द मोडला गेलाय. शेवटच्या मुलाखतींच्या रात्री चोवीस जण रांगेत उभे राहून हात हातात धरतात आणि कॅपिटॉलला घाईघाईने प्रक्षेपण बंद करावं लागतं. कॅटनिससाठीही फरक मोठा आहे. पहिल्या खेळात ती प्रिमकडे परत जाण्यासाठी लढली. या वेळी ती पीटा जगावा म्हणून मरायचं ठरवूनच आत जाते, आणि हेमिचकडे तेवढं एकच मागणं मागते.

तिला डिस्ट्रिक्ट ४ च्या फिनिकवर विश्वास ठेवायला एवढा वेळ का लागतो?

पहिल्या खेळाने तिला जी सवय लावली ती सहज सुटणारी नाही. रिंगणात पीटा अदृश्य विद्युत भिंतीला थडकून पडतो, त्याचं हृदय थांबतं, आणि फिनिक त्याच्या तोंडात श्वास भरायला वाकतो. कॅटनिसला क्षणभर वाटतं की तो पीटाला मारतोय. पीटा श्वास घेतो तेव्हा ती हुंदके देऊन रडते. पुढे विषारी धुक्यात कॅटनिसला मॅग्जला उचलून नेणं जमत नाही आणि फिनिकला पीटा आणि मॅग्ज दोघांना नेता येत नाही. तेव्हा मॅग्ज फिनिकचं चुंबन घेते आणि स्वतःहून धुक्यात चालत जाते. कॅटनिसला त्या वेळी याचा अर्थ लागत नाही. या माणसांनी पीटासाठी एवढं का करावं, हा प्रश्न तिला सतत टोचत राहतो, आणि वाचक म्हणून आपल्यालाही, कारण गोष्ट तिच्याच तोंडून, वर्तमानकाळात चाललीय. तिच्याइतकंच आपल्याला माहीत.

शेवटी सगळ्यांना योजना माहीत होती आणि तिलाच नव्हती. मग ती नायिका कशी?

हा आक्षेप रास्त आहे. हेमिच, रिंगणाचा मुख्य आखणीकार प्लुटार्क हेवन्सबी, रिंगणातले विजेते फिनिक, जोहाना, बीटी, हे सगळे तिला जिवंत बाहेर काढायच्या कटात सामील. तिला कोणी काही सांगत नाही. बंडाचं चिन्ह म्हणून ती हवी, पण बंडाच्या बैठकीत तिला जागा नाही.

तरीही निर्णायक क्षण तिचाच आहे. तिच्या दंडातून रक्त वाहतंय, डोक्याला मार लागलाय, बीटी बेशुद्ध पडलाय, पीटा सापडत नाही. विरोधी गटातली विजेती एनोबारिया आणि फिनिक जवळ येतात. ती बाण रोखते. तेवढ्यात तिला हेमिचचं शेवटचं सांगणं आठवतं, खरा शत्रू कोण ते विसरू नकोस, आणि समोरची माणसं तिला वेगळी दिसायला लागतात. ती बीटीची तार बाणाला गुंडाळते, वर अदृश्य भिंतीत दिसणाऱ्या एका कमकुवत जागेकडे नेम धरते, आणि विजेचा लोळ झाडावर कोसळायच्या क्षणी बाण सोडते. रिंगण फुटतं.

हे तिला कोणीही सांगितलेलं नसतं. इतरांनी महिनोन्‌महिने आखलेलं जे होतं, तिथे ती फक्त डोळे उघडे ठेवून, योग्य शत्रू ओळखून पोचते. पहिल्या भागातल्या कॅटनिसने तो बाण एनोबारियावरच सोडला असता, यात मला शंका नाही.

आणि तरी लेखिका तिला विजयाचा आनंद देत नाही. जाग येते ती विमानात. पीटा आणि जोहाना कॅपिटॉलच्या हाती लागलेत. हेमिचने आपल्याला अंधारात ठेवलं हे कळताच ती त्याचा चेहरा ओरबाडते. डिस्ट्रिक्ट ११ नंतर पीटाला आलेला राग हाच होता. तिने त्याच्या बाबतीत जे केलं तेच तिच्या बाबतीत झालंय. तिच्या अंगावर हे आलं नसतं तर मला ही वाढ अपुरी वाटली असती.

गेल की पीटा?

या प्रश्नावर दोन तट पडतात आणि त्यात पुस्तकातला मुख्य मुद्दा हरवतो. दुसऱ्या भागात कॅटनिसला निवड करायची मोकळीकच नाही. स्नोने पीटासोबतचं प्रेम हा तिच्या घरच्यांच्या जिवाचा सौदा करून टाकलाय. साखरपुडाही कॅमेऱ्यासमोर, लग्नाच्या पोशाखाची पसंतीही प्रेक्षकांची. अशात तिला खरं काय वाटतं हे तिचं तिलाच उमगत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. गेलमध्ये तिला तिचा स्वतःचा राग दिसतो. पीटापाशी वाईट स्वप्नं थांबतात. एवढं मात्र नक्की की रिंगणातल्या समुद्रकिनाऱ्यावरचं ते चुंबन कोणासाठी केलेलं नाटक नाही, आणि ते तिच्याही लक्षात येतं.

कॅटनिसचा वेशभूषाकार सिना याने केलेल्या मुलाखतीच्या पोशाखाचा अर्थ काय?

स्नोच्या हट्टापायी तिला मुलाखतीला लग्नाचा पांढरा पोशाख घालावा लागतो. ती गिरकी घेते, कापड पेटतं, जळून जातं आणि खालून मॉकिंगजेच्या पिसांचा काळा पोशाख उघडा पडतो. मॉकिंगजे हा कॅपिटॉलच्या फसलेल्या हेर-पक्ष्यांपासून रानात आपोआप निपजलेला पक्षी, ज्याचा जन्म सत्तेने कधी योजलेला नव्हता. सिनाला याची शिक्षा मिळते. कॅटनिस काचेच्या नळीत बंद असताना तिच्या डोळ्यांसमोर त्याला शिपाई बेदम मारहाण करतात आणि त्याच क्षणी तिला रिंगणात वर ढकललं जातं. हा या पुस्तकातला सगळ्यात निर्दयी प्रसंग आहे.

सिनेमा आणि पुस्तकात काय फरक आहे?

सिनेमा नोव्हेंबर २०१३ मध्ये आला. दिग्दर्शन फ्रान्सिस लॉरेन्स यांचं, कॅटनिसच्या भूमिकेत जेनिफर लॉरेन्स. चित्रपट म्हणून तो मालिकेतला सर्वोत्तम आहे असं माझं मत. पण बॉनी आणि ट्विल त्यात नाहीत, आणि पीटाचा कृत्रिम पायही नाही. शिवाय स्नो आणि प्लुटार्क यांची आपसातली बोलणी सिनेमात दाखवली आहेत. त्यामुळे प्रेक्षकाला कॅटनिसपेक्षा जास्त माहिती मिळते आणि तिच्यासोबत चाचपडण्याचा अनुभव कमी होतो.

ही कल्पना लेखिकेला सुचली कशी?

टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, ती एकमेकांत मिसळत गेली, असं त्यांनी सांगितलंय. दुसरं मूळ ग्रीक पुराणात: मिनोटॉर या राक्षसासाठी क्रीटला बळी पाठवली जाणारी अथेन्सची मुलं आणि थिसियस. त्यांचे वडील हवाई दलात होते आणि व्हिएतनाम युद्धात गेले होते. युद्धावरून परतलेला माणूस घरात कसा वावरतो याची जाण कॅटनिसच्या आणि हेमिचच्या वागण्यात जागोजागी दिसते.

कोणत्या वयाच्या मुलांना द्यावं?

तेराच्या पुढे, आणि शक्य असेल तर घरच्या मोठ्यांनीही वाचावं. हिंसा आहे, चाबकाचे फटके आहेत, माणसं मरतात. पण हिंसेची मजा कुठेही नाही, प्रत्येक मरण कोणाला तरी दुखावून जातं. मूल वाचून झाल्यावर गप्प झालं तर त्याच्याशी बोला.

हे पुस्तक अर्धवटच संपतं का?

हो. डिस्ट्रिक्ट १२ उरलेला नाही असं गेल सांगतो आणि पान संपतं. 'मॉकिंगजे' हाताशी ठेवूनच शेवटची प्रकरणं वाचायला घ्या.

मालिकेतली बाकीची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत?

आधी मूळ तीन, प्रकाशनाच्या क्रमाने. त्यानंतर २०२० मध्ये आलेलं 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स', ज्यात दहाव्या खेळाच्या वेळचा तरुण स्नो आहे, आणि २०२५ मधलं 'सनराइज ऑन द रीपिंग', ज्यात हेमिचने जिंकलेला पन्नासावा खेळ आहे. काळाच्या क्रमाने ही दोन आधी वाचावीत असं काही जण सुचवतात. मी तसं सुचवणार नाही. 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिस आणि पीटा आगगाडीत हेमिचच्या खेळाची जुनी ध्वनिचित्रफीत बघतात, आणि कॅपिटॉलने दाखवलं तेवढंच त्यांना दिसतं. तुम्हीही आधी तेवढंच बघा, मग २०२५ चं पुस्तक उघडा.